जिवनबाईनं न उपटलेला तरोटा

जिवनबाईच्या रागाला अख्खा तांडा वचकून असतो. सेनगाव तालुक्यातला साठ-सत्तर घरांचा तांडा, आणि त्यात ही पन्नाशीची काटक बाई. पदर कमरेला खोचला की समजावं, आता कुणाची तरी धडगत नाही. गेली काही वर्षं तो पदर बहुतेक खोचलेलाच असायचा. त्याला कारण होतं तणनाशक.

बावीस वर्षं जिवनबाईनं निंदणीची टोळी चालवली. अकरा बाया, पुढं ही. गोरेगावकडचे शेतकरी जीप पाठवून न्यायचे, कारण ही टोळी ज्या शेतातून गेली तिथं तण औषधालाही सापडायचं नाही. मग खरंच औषध आलं. अकरा बायांचं चार दिवसांचं काम एक गडी पाठीवर पंप घेऊन एका दुपारीत उरकायला लागला. टोळीला बोलावणं यायचं ते थेट हंगामाच्या शेवटी, तरोटा उपटायला. सोयाबीनचं औषध बाकी सगळं गवत जाळतं, रुंद पानाच्या तरोट्याला मात्र त्यानं साधी शिंकही येत नाही.

"आमी काय आता निस्त्या तरोट्यापुरत्या उरलो का?" जिवनबाई बांधावर उभी राहून ओरडायची. शेतकरी हसायचे, आणि तिचं डोकं आणखी फिरायचं.

तिची लेक पुजा हिंगोलीला कॉलेजात. तिनं एकदा सांगितलं, की शहरात लोक मुद्दाम गवत लावून घेतात, त्याला लॉन म्हणतात. जिवनबाईला आधी ते खरंच वाटेना. खरं आहे हे कळलं तेव्हा तिला त्याचाही राग आला. जल्मभर जे उपटलं तेच आता लावायचं! पण रात्रभर कूस बदलल्यावर तिच्या मनानं घेतलं. गवत कुठं धरतं, कुठं मरतं, कशानं माजतं, हे तिच्या टोळीइतकं कुणाला ठाऊक होतं? पुजानं कार्डं छापून आणली: 'जिवनबाई आणि मंडळी, लॉन व बगीचा करून मिळेल.' दीर थावरा पोट धरून हसला. "वहिनी हरळी पेराया निघाली," असं त्यानं तांडाभर केलं.

"तू हास," जिवनबाई म्हणाली. "दात दिसतेत तवर हास."

पहिलं काम मिळालं ते हिंगोलीत, औंढा रस्त्यावरच्या नव्या मंगल कार्यालयाचं. मालक ग्यानोबा शेठ, हळदीचे मोठे अडते. दसऱ्याला उद्घाटन, तोवर समोरचं अंगण हिरवं पाहिजे. रस्त्याच्या पलीकडं एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना उभा राहत होता. त्यांनाही बाग करायची होती. "शेठचं लॉन बघते आणि मग तुम्हाला सांगते," त्या म्हणाल्या. म्हणजे सगळं त्या एका अंगणावर आलं. ते जमलं तर टोळी शहरात उभी राहणार होती. नाही जमलं तर पुन्हा तरोटा.

आषाढात बायांनी दोऱ्या ताणल्या आणि चार चार बोटांवर गवताची एकेक मुळी हातानं टोचली. शेणखतातून तरोट्याचं बी आलं होतं, त्याची रोपंही दर आठ दिवसांनी येऊन कोवळी असतानाच उपटली. पोळ्यापर्यंत अंगण असं भरलं, की येणारा-जाणारा गाडी थांबवून बघायचा.

आणि नेमकं तेव्हाच शेठना शहाणपण सुचलं. "आता तुम्ही यायची गरज नाही," ते म्हणाले. "आमचे जावईबापू आलेत, ते बघतील."

"शेठ, आठ दिसाला हात फिराया लागतो. तरोटा येईल."

"जावयाची तीस एकर सोयाबीन आहे, जिवनबाई. त्यांना शिकवू नका."

दसऱ्याच्या चार दिवस आधी शेठचा फोन आला, लगेच या. बाया पोचल्या तर अंगण पिवळंधमक. पायाखाली कडकड वाजणारं मेलेलं गवत, आणि फाटकात शेठ, लाल झालेले. शेजारी डॉक्टरीणबाई उभ्या.

"ह्या तांड्याच्या बायांना काम देऊन मी फसलो!" शेठ रस्त्यावर ऐकू जाईल असं ओरडले. "कुजक्या मुळ्या लावून गेल्या. ढोरं हाकणाऱ्यांच्या जातीला बगीचा कुठून जमणार?"

डॉक्टरीणबाईंनी एकदा गवताकडं बघितलं, एकदा जिवनबाईकडं, आणि एक शब्द न बोलता रस्ता ओलांडून निघून गेल्या.

जिवनबाईच्या अंगाची नुसती आग झाली. ढोरं तिच्या आज्यानं हाकली होती, आणि त्याची तिला लाज नव्हती. पण कुजक्या मुळ्या? तिच्या हातच्या? तिनं खाली बसून गवताची मूठ उपटली. मुळी वाळून दोरा झालेली. मग तिची नजर पुढं गेली. मेलेल्या गवतात हातहातभर अंतरावर तरोटा उभा होता. वीतवीत उंच, हिरवागार, वर पिवळी फुलं. एवढ्या मोठ्या अंगणात तेवढाच जिता होता.

ती उठली. "शेठ, हितं सोयाबीनचं औषध कुणी मारलं?"

पायरीवर बसलेले जावईबापू उठून मुकाट्यानं आत गेले. तण मरेल आणि लॉन राहील, असा त्यांनी हिशेब केला होता. सोयाबीनमध्ये गवत हेच तण असतं, एवढं त्या तीस एकरवाल्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

शेठनी तिला बाजूला घेतलं. आवाज आता लोण्यासारखा. "झालं ते झालं. पण जावयाचं नाव बाहेर जायला नको. लेक दिलीय आम्ही. लोकांत म्हणू, मुळ्या खराब निघाल्या. तुम्ही एवढा तरोटा काढून अंगण साफ करून द्या. दसरा झाला की नवं लॉन तुमच्याकडूनच."

टोळीतल्या मोतीबाईनं मागून पदर ओढला. "घे ना बाई. सणाचे दिस हायेत. काम तर हातात राहील."

जिवनबाई क्षणभर थांबली, हे खरं आहे. अकरा घरच्या चुली तिच्या डोळ्यापुढं आल्या. मग तो राग वर आला.

"शेठ, लेक तुमी दिली. म्या काय दिलं त्याला? त्याचा मान राखायला माझं नाव काहून जाळता? बावीस वर्षं ह्या हातानं कमावलंय ते." आणि बायांकडं वळून म्हणाली, "चला गं. तरोट्याला कुणी बोट लावायचं न्हाई. आपण लावलं ते मेलं. हे उरलंय ते जावईबापूचं पीक हाय."

"जा, जा! परत पाय ठेवू नका हिंगोलीत!" शेठ मागून ओरडले. रखवालदारानं तरोटा कापू का म्हणून विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले, "राहू दे! तेवढंच हिरवं दिसतंय."

दसऱ्याला उद्घाटन झालं. बँड, हार, पंगती. पण शेठ हळदीचे अडते, त्यांचे पाहुणे म्हणजे सगळे शेतकरी. पहिलाच म्हातारा पाहुणा अंगणाच्या कडेला थांबला, दुसऱ्याचं शेत बघावं तसे हात मागं बांधून. "शेठ," तो म्हणाला, "हितं सोयाबीनचं औषध कुणी मारलं हो?" त्याच्या मागच्यानंही तेच विचारलं, त्याच्या मागच्यानंही. "तरोटा सोडून सगळं गेलं. बराबर सोयाबीनचंच हाय." दुसरी पंगत बसेपर्यंत लोक फेटा बांधलेल्या तीस एकरवाल्या जावयालाच विचारायला लागले, की एकरी किती पंप मारले? जावईबापू ताटावरून उठून गेले. कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "जिवनबाई, मी शेठकडं जेवायला होते. सगळं कळलं. आमची बाग करायला येता का?"

जिवनबाईचा राग अजून उतरला नव्हता. "त्या दिशी तुमी समोर उभ्या होत्या, बाई. एक शबुद न्हाई बोलल्या."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चुकलं माझं."

"येते," जिवनबाई म्हणाली. "पण घरात फवारणीचा पंप आसंल तर आधी भाईर काढा. आन् जावई आसंल तर त्यालाबी."