वरातीतली बटन प्लेट

वडप्याच्या नाक्यावर हरेशचं पत्र्याचं गॅरेज. शाळा सातवीत सुटली, पण क्लचवर पाय ठेवला की हा सांगणार, प्लेट अजून किती दिवस चालेल. ट्रकवाले डोळे झाकून गाडी सोडून जायचे. एवढं एक नाव सोडलं तर गड्याकडं कमावलेलं दुसरं काय न्हवतं.

शेलार गावच्या रामनाथशेठची जमीन गोदामांना गेली आणि त्यांच्या पोरानं, कुणालनं, जुनी दोन दारांची स्पोर्ट गाडी घेतली. वर भंगारातनं दुप्पट ताकदीचं इंजिन आणलं. ते हरेशनं दीड महिना खपून बसवलं. फुकट. कारण शाळेत मास्तरनं हरेशला चोर ठरवलं तेव्हा सगळ्या वर्गात एकटा कुणाल उठून म्हणाला होता, "यानं न्हाय घेतलं." तेवढ्यावर हरेश जन्म काढायला तयार होता.

नव्या इंजिनापुढं जुनी क्लच प्लेट टिकेना. इंजिन बोंबलायचं, गाडी जागच्या जागी. आता नवी शोधायची तर भानगड अशी, की प्लेटचा घेर नव्या इंजिनाला बसला पाहिजे आणि मधले दाते जुन्या गिअरबॉक्सला. हरेश चार दिवस भंगारवाल्यांकडं फिरला. शेवटी एका डिझेल जीपची प्लेट दोन्हीकडं जुळली.

तर कुणाल मुंबईवरनं चकचकीत खोका घेऊन हजर.

"ही टाक. रेसवाले हीच टाकतात."

हरेशनं उलटीपालटी करून बघितली. बटन प्लेट, अख्ख्या पट्टीऐवजी बटनांसारख्या सुट्या धातूच्या चकत्यांची. "माप बसतं. पण टाकायची न्हाय."

"का? पोटात दुखतंय?"

"ही एकदम पकडते रं. मधलं काय न्हाय हिच्यात. परवा तुझी वरात. बँजो पार्टीच्या मागं तीन तास हाफ क्लचवर चालवायचीय तुला. रेसमध्ये बँजो नसतो."

"तू ट्रकवाल्यांचा मिस्त्री. तुला काय कळतंय यातलं?"

"आता जीपची टाकतो. लग्न झाल्यावर तुझी टाकीन. दोनदा गिअरबॉक्स उतरवीन, चहा पण न्हाय मागणार."

"अख्ख्या शेलारला सांगून बसलोय रेसची प्लेट हाय म्हणून. टाक ना. दोस्त हायस ना माझा?"

इथं हरेश हरला. जीपची प्लेट खिळ्याला अडकवली आणि दात-ओठ खात बटन प्लेट टाकली.

टेमघरला नवरीच्या गल्लीत वरात शिरली. कुणाल स्वतः गाडी चालवत होता, मुंडावळ्या बांधून. दर दहा पावलांना गाडी हिसका द्यायची. हरेश खिडकीला लागून चालत होता.

"बंद कर. आम्ही ढकलतो."

"नवरदेवाची गाडी ढकलणार? येडा झालास काय?"

वळणावर कुणालचा पाय जरा सुटला. गाडी उडी मारून पुढं गेली आणि बँजोतला ढोलवाला मोरू बंपर आणि बँजोच्या हातगाडीच्या मध्ये सापडला. नडगी मोडली. वाजप थांबलं.

"कोणी केलंय गाडीचं काम?" रामनाथशेठ कडाडले.

कुणालनं सगळ्यांसमोर हरेशकडं बोट केलं. "यानं. मी बोललेलो याला, नीट बघून टाक."

हरेशनं तोंड उघडलं. नवरीकडची सगळी माणसं बघत होती. त्यानं तोंड मिटलं, मोरूला उचललं आणि रिक्षात घातलं.

रिक्षात मोरू कण्हत म्हणाला, "हरेश, तुझा हात कधी चुकत न्हाय रं. आज काय झालं?"

"चुकला," हरेश म्हणाला.

मग ट्रकवाले नाक्यावर थांबायचे बंद झाले. ढोलवाल्याचा पाय मोडणारा मिस्त्री, म्हणायचे. कुणाल एकदाबी फिरकला न्हाय.

महिन्यानं भिवंडीतला मिस्त्री केसरीनाथ आला. "कुणालशेठची गाडी माझ्याकडं हाय. बटन प्लेट काढायला सांगितलीय. दुसरी जुळतच न्हाय. घेर एका गाडीचा, दाते दुसरीचे."

हरेशनं खिळ्यावरची प्लेट काढली, फडक्यानं पुसली आणि त्याच्या हातात दिली.

केसरीनाथ बघतच राहिला. "ही तुझ्याकडं होती? मग तेव्हाच का न्हाय टाकलीस?"

हरेशनं फडकं रिकाम्या खिळ्याला अडकवलं.

"बरं, काय देऊ हिचं?"

"ती काढलेली बटन प्लेट आणून दे."

"काय करणार तिचं?"

"मोरूला दाखवायचीय, हात कुठं चुकला ते," हरेश म्हणाला. "दुसऱ्या कोणाला न्हाय."