टेलेस्फोरने काढलेला माग

लुआंग्वा नदीकाठच्या, अभयारण्याच्या राखणदारांच्या छावणीत मी बावीस वर्षं वायरलेसवर बसले. सकाळी सहाला गस्तीवरची माणसं आपापली जागा कळवायची. बाकीचे जण जागा सांगून झाल्यावरही बोलत रेंगाळायचे. कुणाचा बायकोला निरोप, कुणाची थट्टा. टेलेस्फोर न्जोवू मात्र जागा सांगायचा, हत्तींचे किती ठसे दिसले ते सांगायचा आणि बंद करायचा.

"काका, काही खाल्लंत का?" मी मुद्दाम विचारायची.

"तेही वहीत लिहिणार आहेस का, युनिके?"

पूर्वी तो असा नव्हता. चांगला बोलका होता.

बाप लवकर गेला, तेव्हा थोरल्या भावाने, दाउझेनीने, त्याला वाढवलं. मोडलेली काडी कालची की आजची, जनावर घाबरून पळालं की चरत गेलं, हे सगळं दाउझेनीनेच शिकवलं. त्या काळी आमच्या खोऱ्यात शिकारी म्हणजे मानाचा माणूस. पुढे हत्ती बोटांवर मोजण्याइतके उरले, शिकारीला बंदी आली, राखणदारांची भरती निघाली आणि टेलेस्फोरने नाव दिलं. दाउझेनी पोट धरून हसला. "माझ्याच शिकारीचं मांस खाऊन मोठा झालास, आता मलाच पकडणार होय रे?" टेलेस्फोरही हसला होता.

नऊ वर्षांनी, पाऊस ओसरता ओसरता, गस्तीला एक मारलेली हत्तीण सापडली. सुळे कापून नेलेले. तिचं पिल्लू जवळच उभं होतं, माणसं आली तरी हललं नाही. चौघे जण माग काढत निघाले, टेलेस्फोर पुढे. टायरच्या चपलांचे ठसे होते. एका ओलसर जागी तो खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. डाव्या पायाची बाहेरची कड खोल रुतली होती. लहानपणापासून तो त्या पावलामागून चालला होता.

"काय झालं? माग तुटला का?" गस्तीच्या म्होरक्याने विचारलं.

पुढे सगळा कातळ होता. हो म्हणाला असता तर कुणाला शंकाही आली नसती.

"नाही, तुटलेला नाही," तो म्हणाला आणि चालू लागला.

दुपारी त्याचा आवाज आला. एक माणूस पकडलाय, सुळे मिळालेत.

"नाव सांगा," मी म्हणाले.

"दाउझेनी न्जोवू."

मी लिहिलं, आणि हात थांबला. "काका, हे न्जोवू म्हणजे तुमच्यातलेच?"

"एकाच आईचा," तो म्हणाला आणि बंद केलं.

बेड्या घालताना दाउझेनी झटापट न करता उभा राहिला म्हणे. एवढंच बोलला, "माग वाचायला मी शिकवलं, आणि तू मलाच वाचलंस."

त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. गावाने टेलेस्फोरला शिवी दिली नाही, बोलणंच टाकलं. विहिरीवर तो आला की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. त्याची बायको दोन वर्षं टिकली, मग माहेरी गेली ती गेलीच. आई वारली तेव्हा तो मयताला गावी गेला. आमच्याकडे मयताला पुरुष एकाच ताटातून न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, खातात. तो बसला तसे चौघे उठून दुसऱ्या ताटावर गेले. भरलेल्या ताटासमोर तो एकटाच राहिला. दोन घास खाऊन त्याने हात धुतले, आईच्या थडग्यावर मूठभर माती टाकली आणि अठरा किलोमीटर चालत छावणीत परत आला.

दाउझेनी तुरुंगातून सुटून चिपाटा शहरात मुलीकडे राहायला गेला. टेलेस्फोर एक कोंबडी आणि वाळवलेले मासे घेऊन लॉरीतून तिथे पोचला. पुतणी दारातच उभी राहिली.

"बाबा झोपलेत."

"थांबतो की."

"काका, ते उठणार नाहीत. तुम्ही आहात तोवर नाहीत उठणार."

आतून खोकल्याचा आवाज आला. टेलेस्फोरने कोंबडी उंबऱ्याशी बांधली, मासे ठेवले. "मी आलो होतो, एवढं सांग." पुतणीने मान हलवली. कोंबडी तिने ठेवून घेतली, इतकंच त्याला समाधान. त्यानंतर सहा महिन्यांत दाउझेनी गेला. निरोप आला तोवर पुरूनही झालं होतं.

आता तो निवृत्त झालाय. गावात घर बांधायला जागा द्यायला मुखियाने नाही म्हटलं नाही, पण जागा दाखवलीही नाही. म्हणून छावणीच्या टोकाला, चिंचेखालच्या झोपडीत राहतो. रविवारी चर्चहून येताना मी त्याच्याकडे बसते. हत्ती आता पुष्कळ झालेत. चिंचा खायला अंगणापर्यंत येतात. तो भिंतीला टेकून, न हलता बघत राहतो.

एकदा मी म्हणाले, "हे सगळे तुमच्यामुळे आहेत, काका."

"त्यांना कुठे ठाऊक आहे?" तो म्हणाला. मग उठून माझ्यासाठी चहाचं आधण ठेवायला आत गेला.