गुंतलेल्या हातांचं नाणं

टेकडीवरच्या जूनो देवीच्या देवळालगत टांकसाळ होती आणि निकेपोरने तिथे जन्मभर घण मारला. अधिकारी बदलला की नाण्यावरचं चित्र बदलायचं. कुणाला विजयादेवीचा रथ हवा, कुणाला हत्ती. एका साली निघाले एकमेकांत गुंतलेले दोन हात, म्हणजे समेट!

"तिकडे सेनापती एकमेकांचे गळे कापतायत आणि नाण्यावर बघा कसे हात मिळवलेत मेल्यांनी!" चढावर उकडलेले हरभरे विकणारी साल्विया मोठ्याने म्हणाली, आणि निकेपोरने वळून पाहिलं.

तिथेच घोटाळा झाला. खालच्या साच्यातलं छापलेलं नाणं काढायचं तो विसरला आणि त्याच्यावरच नवी चकती ठेवून घण घातला. एका बाजूला हात उठलेले, दुसऱ्या बाजूला तेच हात आत रुतलेले, तिथे उमटायचा तो देवीचा चेहरा गायब! मुकादमाने चारचौघांत खरडपट्टी काढली आणि ते नाणं त्याच्या मजुरीतून वळतं केलं. पुढे साल्वियाशी लग्न झालं तेव्हा निकेपोरने तेच तिच्या हातावर ठेवलं. "तुझ्यापायी बिघडलंय, आता तूच सांभाळ."

काय दिवस होते ते! भांडण झालं की ती नाणं त्याच्यापुढे आपटायची, आणि तो पोट धरून हसत सुटायचा. थैलीत हात घालून अंगठ्याने चोळायची तिला सवयच लागली. उठलेले हात झिजून पार सपाट झाले.

निकेपोर गेला. मेलेल्यांना नदीपार नेणाऱ्या नावाड्यासाठी त्याच्या तोंडात नाणं ठेवायचं होतं.

"तांब्याचं ठेव गं," थोरली नणंद फिलेमा म्हणाली. "नावाडी तेवढ्यावरही नेतो. हे चांदीचं राहू दे तुला."

साल्वियाने मूठ घट्ट आवळली. जाताना त्याने हेच मागितलं होतं आणि ती हो म्हणून बसली होती. पण हे दिलं तर त्याचं म्हणून घरात उरणार काय? तिला रडू आवरेना.

"वन्सं, थोडं मेण द्या."

दिव्याच्या धगीवर तिने मेण मऊ केलं, नाण्याची रुतलेली बाजू त्यावर दाबली आणि उचलली. मेणातून दोन हात उठून आले, बोटन्‌बोट स्पष्ट. तिचा अंगठा इतकी वर्षं त्या खोल खाचांपर्यंत पोचलाच नव्हता.

"अगंबाई!" फिलेमाच्या तोंडून निघालं.

साल्वियाने नाणं पदराने पुसून त्याच्या जिभेवर ठेवलं.

"वन्सं, तोंड तुम्ही मिटा त्यांचं. माझ्याच्याने नाही व्हायचं."