उमेदवार क्रमांक एकोणतीस

श्री. अंबरीश टिपणीस, वय बावन्न, पूर्वाश्रमीचे बँक अधिकारी, सध्या नेदरलँड्समधील समस्त मराठी समाजाचे नेते व हार्लेम नगरपालिका निवडणुकीतील अधिकृत उमेदवार, पक्षाच्या यादीत क्रमांक एकोणतीस.

हा परिचय त्यांनी स्वतःच लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे पाठवला होता. निवडून येण्यासाठी त्यांनी बँकेतली नोकरी सोडली होती. करोनामुळे प्रचार झूमवर चालला आणि एका रविवारी चक्क एकशेऐंशी माणसं जमली.

"दादा, तुमच्याशिवाय आहेच कोण!" बेस्ट नावाच्या गावाहून जयेश म्हणाला.

"आमच्या सोसायटीची सगळी मतं तुम्हालाच," बाडहूव्हडॉर्पहून पूर्णिमाने जाहीर केलं.

अंबरीशरावांनी हात जोडले. मागे पोहे परतणाऱ्या त्यांच्या बायकोने, चारुताने, विचारलं, "अरे, पण ह्यातलं हार्लेममध्ये राहतं कोण? मत ज्याच्या त्याच्या गावातच द्यायचं असतं ना?"

बँकेत बावीस वर्षं ते खातं उघडायला आलेल्या प्रत्येकाकडे आधी पत्त्याचा पुरावा मागत. इथे मात्र कुणालाच विचारायचं सुचलं नव्हतं. त्यांनी मायक्रोफोन बंद केला आणि पडद्यावरचे चेहरे एकेक करून पाहिले.

मार्चमध्ये निकाल लागला. अंबरीशरावांना अकरा मतं पडली.