भोंगा आणि स्पीकरवाला

भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगाच म्हणत. फाटकाबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला आत न येता बोली कळावी, असा त्याचा आवाज होता. "भोंग्यानं पुकारलं की कोबीचा गड्डासुद्धा भाव खातो," असं हमाल म्हणायचे. घरी आल्यावरही त्याला हळू बोलणं जमत नसे. बायको म्हणायची, "अहो, मी समोर बसलेय, डोंगरापलीकडे नाही." मग तो हसायचा, आणि ते हसूही खालच्या मजल्यापर्यंत पोचायचं.

बायको घरीच मशीनवर उशांचे अभ्रे शिवायची. लॉजवाले आणि दवाखानेवाले गठ्ठ्यानं कापड टाकून जात. बिल्डिंगमध्ये तिला उशीवाली काकू म्हणत. एकुलती मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी गेली होती.

पन्नाशी ओलांडल्यावर भोंग्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण जाताना आवाज घेऊन गेली. उरली नुसती कुजबुज, वाळक्या पानावर बोट फिरवल्यासारखी. पुढे गाठ परत आली, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. "घरी न्या, जपा," एवढंच म्हणाले.

काकूनं बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग मांडला. शेजारी पाटी ठेवली, पण पाटीचा उपयोग नव्हता. भोंग्याला आकडे झरझर यायचे आणि अक्षरं अडखळायची. शिवाय आता त्याचे हात कापत. त्याला काही सांगायचं असलं की तो पलंगाच्या कडेवर टकटक करी. काकू मशीन थांबवून उठे आणि त्याच्या तोंडाशी कान नेई. सगळं आयुष्य ओरडण्यात गेलेला माणूस आता तिच्या कानात बोलत होता. तिला ते आवडायलाही लागलं होतं. इतक्या जवळून तो आधी कधी बोललाच नव्हता.

तेवढ्यात पलीकडची रिकामी खोली भाड्यानं गेली. येणारा माणूस स्पीकर दुरुस्त करायचा. रस्ता रुंद करताना त्याचं दुकान पाडलं गेलं होतं, म्हणून त्यानं सगळा पसारा घरातच मांडला. दुरुस्त झालेला स्पीकर वाजवून बघितल्याशिवाय गिऱ्हाईक घेत नाही. त्यामुळे सकाळपासून भिंत धडधडायची. गाणं कुठलंही असो, अलीकडे पोचायची ती फक्त धडधड. कपाटातल्या ताटल्या किणकिणत, पाण्याचा तांब्या सरकत सरकत कडेला येई.

काकूनं जाऊन त्याचं दार ठोठावलं. तो हातात पक्कड घेऊनच बाहेर आला. सगळं ऐकून त्याचा चेहरा पडला.

"वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं. आधी सांगायचं ना!"

त्यानं त्याच दिवशी भिंतीला गादी टेकवली. अंगाखालची, स्वतःची. मग तो चटईवर झोपायला लागला. पण धडधड गादीला जुमानेना. काकू पुन्हा गेली. तो म्हणाला, "दुपारी जेवणानंतर बंद ठेवतो." आणि ठेवायचाही. पण गिऱ्हाईक दारात टेम्पो उभा करून घाई करायला लागलं की त्याचाही नाइलाज व्हायचा.

बिल्डिंगच्या सेक्रेटरीनं हात झटकले. "दिवसाढवळ्या पोटापाण्याचं काम करतोय माणूस. कुठल्या तोंडानं बंद कर म्हणू?"

काकूनं पलंग स्वयंपाकघरात हलवून पाहिला. तिथे फोडणीच्या धुरानं भोंग्याला असा ठसका लागला की त्याचे डोळे पांढरे झाले. पलंग परत खिडकीशी आला. शेजाऱ्याशी भांडायचं, तर भांडण्यासारखा माणूस नव्हता तो. औषधं आणायला जायचा, लाइट गेली की टॉर्च घेऊन यायचा. "निदान वाईट तरी असता मेला," असं ती एकदा भोंग्याला म्हणाली, तेव्हा तो आवाज न करता हसला होता.

हळूहळू त्याची कुजबुज आणखी विरत गेली. एका दुपारी त्यानं टकटक केली. काकू जवळ गेली. त्यानं तिचं मनगट धरलं आणि बोलायला लागला. एखादा शब्द नाही, चांगलं लांबलचक काहीतरी. नेमकं तेव्हाच पलीकडे कुणाचे तरी मोठाले स्पीकर सुरू झाले. पलंगाचे पाय थरथरले. काकूनं कान त्याच्या ओठांना लावला. तिला गरम श्वास तेवढा लागला. ओठ हलत होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि शब्द एकही नाही.

तिनं कात्रीच्या मुठीनं भिंत बडवली. "अहो भाऊ, बंद करा! बंद करा हो!"

आवाज थांबला. ती धापा टाकत परत वळली. "सांगा. आता सांगा, मला ऐकू आलं नाही."

भोंगा तिच्याकडे बघत राहिला. एवढं बोलून त्याचा जीव थकला होता. ओठ एकदा उघडले आणि मिटले. राहू दे, असा त्यानं हात हलवला. त्यानंतर तो काही बोलला नाही. आठवडाभरात गेला.

मुलगी आली तेव्हा काकूनं तिला हे सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, पाणी मागितलं असेल गं. मनाला लावून घेऊ नकोस."

"पाण्याला इतकं बोलावं लागतं होय?" काकू म्हणाली.

स्पीकरवाल्यानं काम बंद ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीपलीकडून टाचणी पडल्याचाही आवाज येईना. काकू त्या शांततेत पलंगाकडे तोंड करून बसायची. हवी होती तेव्हा न मिळालेली शांतता आता तिला खायला उठायची. मुलगी परत गेल्यावर तर जास्तच.

एक दिवस स्पीकरवाला उंबऱ्याबाहेर उभा राहिला. दाढी वाढलेली, नजर खाली.

"वहिनी, गिऱ्हाईकं तुटायला लागली. तुम्ही नको म्हणालात तर दुसरीकडे खोली बघतो."

त्याला धड दुसरी खोली मिळणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"लावा," ती म्हणाली.

"हळू लावतो."

"कसंही लावा. मला आता कुणाचं ऐकायचंय?"

तो मान हलवून गेला.

परवा मुलीचा फोन आला, तेव्हा भिंत जोरात धडधडत होती.

"आई, हे काय चाललंय? एवढं सगळं झालं तरी अजून तेच? बोलत का नाहीस त्याला?"

"बोलले होते गं. भला माणूस आहे तो."

मुलगी पुढे बराच वेळ बोलत होती. काकूला त्यातलं धड काही कळलं नाही. तिनं परत विचारलंही नाही. मध्येमध्ये "हो, हो" म्हणत राहिली, आणि पलीकडून बोलणं थांबल्यासारखं वाटलं तसा फोन ठेवून दिला.