तक्त्याची मागची बाजू

वाकोल्याला चाळींच्या मधोमध गणेशोत्सव मंडळाची खोली होती. गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर तिथे मंडपाचं सामान आणि माझी बालवाडी एकत्र नांदायची. गिरण्यांचा संप मोडून दोनेक वर्षं झाली होती. मी वीस वर्षांची, डोक्याने तापट, आणि आपल्याला झकास शिकवता येतं या भ्रमात.

माझी रीत एकच. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, हातात पट्टी. पट्टी सरकली की पोरं एका सुरात ओरडायची. सगळ्यात मोठा आवाज एका सहा वर्षांच्या मुलीचा. तिच्या मांडीवर कायम दीड वर्षाचा भाऊ. बाप गिरणी सुटल्यापासून दोन-दोन पाळ्या वॉचमनकी करायचा, आई चार घरची धुणीभांडी. आईने बजावलं होतं, जूनपर्यंत वाचता आलं तर शाळेत नाव घालीन, नाहीतर पोरगी भावाला सांभाळायला घरी. मी म्हटलं, काळजीच करू नका. मिजास बघा माझी.

एप्रिलमध्ये कुणीतरी भिंतीवर पाणी उडवलं आणि तक्ता मागून भिजला. वाळावा म्हणून मी तो उलटा टांगला. सवयीने पट्टी उचलली, तर पोरांनी सुरुवातही केली. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, थेट शेवटपर्यंत. पट्टी कोऱ्या कागदावर फिरत होती. तिथे काहीच नाही, असं एकही पोर बोललं नाही.

मी त्या मुलीपुढे जमिनीवर खडूने म काढला. तिने अक्षराकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघत तिने क पासून म्हणायला घेतलं. वर्षभर मी पोपटपंची शिकवली होती, दुसरं काय!

मग सुट्टीतही मी तिला एकटीला बोलवायला लागले. रोज एक अक्षर. दोन मिनिटं बरं चालायचं, मग भावाने केस ओढले, त्याचं नाक वाहिलं, की सगळं गेलं. "लक्ष कुठाय गं तुझं?" म्हणून मी खेकसायचे. एवढ्याशा जिवाचं अर्धं लक्ष घरच्यांनी आधीच कामाला लावलंय हे मला कळत होतं, तरी चिडायचे. शेवटी भावाला मीच मांडीवर घ्यायला लागले. मे अर्धा सरला तेव्हा तिला पाच अक्षरं येत होती. जेवण गोड लागत नव्हतं मला.

आणि जून उजाडायच्या आधीच आई दारात उभी. हातात रेशनकार्ड. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण त्यात घरातल्या सगळ्यांची नावं आहेत हे ठाऊक होतं. तिने ते लेकीपुढे धरलं आणि वाच म्हणाली.

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बोट टेकवलं आणि घडाघडा बापाचं, आईचं, आपलं, भावाचं नाव म्हटलं. बोट दुकानदाराच्या शिक्क्यावरून फिरत होतं.

"ती बरोबर वाचता काय, बाई?" आईने आपल्या मालवणीत मला विचारलं.

खरं सांगितलं असतं तर त्या पोरीची वाट लागली असती. मी म्हटलं, "बरोबर."

आई हसली. शाळेचा अर्ज तुम्हीच भरा म्हणाली, कार्ड माझ्याकडे ठेवलं आणि त्या दिवशी धाकट्याला आपणच घेऊन कामावर गेली. शाळेत पहिल्याच आठवड्यात हे उघडं पडणार, आणि खोटं माझं.

मुलगी जागची हलली नाही. आई पुरती दिसेनाशी होईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमी खोटा बोललात."

लाजेने मान वर होईना.

तिने कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "आता माझा नाव खंय आसा, ता दाखवा."