तीन घरी विचारा

साक्षात मरण जरी एसटीतून हसनाबादच्या स्टँडवर उतरलं, तरी माझे मामेसासरे आधी त्याला चहा पाजतील, बाजूला घेतील आणि विचारतील, "मूळ गाव कोणतं म्हणायचं? इकडं कोण ओळखतं तुम्हाला?" समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत मरणाला गावात प्रवेश नाही. मामांनी उभं आयुष्य सोयरिकी जुळवण्यात घालवलं. भोकरदन तालुक्यातले निम्मे संसार त्यांनी उभे केले आणि उरलेले निम्मे त्यांना न विचारता झाल्यामुळे बिघडले, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. त्यांची पद्धत ठरलेली. पोरगा पाहायला निघायचं, पण त्याच्या घरी आधी जायचंच नाही. शेजारी, किराणावाला आणि ज्याचं त्या घराशी पटत नाही असा एखादा चुलता, अशी तीन घरं गाठायची. "पोराची तारीफ त्याच्या आईकडून ऐकली की पोटात चहा जातो, डोक्यात माहिती जात न्हाई," असं ते म्हणतात.

पुढे पोरंपोरी आपापली लग्नं जमवू लागली आणि मामांची रिकामी झालेली बुद्धी मोबाइलवरच्या औषधांवर चालून गेली. गावात कुणाच्याही फोनवर नवा काढा उगवला की तो आधी मामांकडे येतो आणि मामा मला फोन लावतात, कारण मी जालन्याला कॉलेजात शिकवतो आणि मला इंग्रजी वाचता येतं. एकदा लसणाने रक्तदाब मुळासकट उपटणारे एक गृहस्थ मोबाइलवर आले होते. "जयभीम, जावईबापू. हा पांढरा कोटवाला कोण हाय? कोट तर आपला कटिंगवाला बी घालतो. शिकला कुठं? पोट कशावर भरतो?" मी शोधलं. गृहस्थ लसणाच्याच गोळ्या विकत होते. "मंग बराबर," मामा म्हणाले, "नवरदेवाचा बापच मध्यस्थ होऊन आला."

गुडघेदुखीवरच्या एका पाल्याबद्दल मी सांगितलं की संशोधन खरं आहे, पण उंदरांवर झालंय. मामा म्हणाले, "मंग उंदराला कळवा. माणसापर्यंत आलं की मला सांगा." माहिती जुनी निघाली तर म्हणायचे, "पोरगा तवा नोकरीला होता. आता काय करून राह्यला ते बघा." आणि एकदा एका पानावर औषधाचे फायदे, त्याखाली तोटे, आणि त्याखाली 'याबद्दल अजून खात्रीने सांगता येत नाही' असं मी वाचून दाखवलं, तेव्हा फोनवरसुद्धा मला त्यांनी पाठ ताठ केल्याचं जाणवलं. "स्वतःचं वंगाळ स्वतःच सांगून राह्यला. घर खानदानी हाय."

मागच्या हिवाळ्यात मामींचा हात थरथरू लागला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी आवरेल, पण कायमचा जाणार नाही, असंही सांगितलं. त्यानंतर मामांचे फोनच बंद झाले. न राहवून मी हसनाबादला गेलो, तर मामा ओसरीवर मोबाइल घेऊन बसलेले, चेहरा लग्न ठरल्यासारखा.

"जावईबापू, इलाज सापडला. चूर्ण हाय. मुळापासून बरं करतं. फक्त डॉक्टरच्या गोळ्या बंद करा म्हणतो. उद्या पार्सल येऊन राह्यलं."

"कोण म्हणतो?"

"व्हिडिओत हाय की."

"मूळ गाव कोणतं त्याचं?"

मामांनी व्हिडिओ पुन्हा सुरुवातीला नेला.

"कोणत्या तीन घरी विचारलं, मामा?"

मामा खांद्यावरच्या पंच्याने मोबाइलची काच पुसू लागले. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. बशीत कप वाजत होता. "नका विचारू जावईबापू," त्या म्हणाल्या. "या टायमाला पोरीच्या बापालाच घाई झाली."

मामा हसले नाहीत. "दुसऱ्याची पोर असली की चौकशी सुचती," ते हळूच म्हणाले. "वाचा तुम्ही. बराबर तीन घरी विचारा."

मी वाचलं. एक मोठ्या सरकारी रुग्णालयाचं पान, एक मेंदूच्या डॉक्टरांच्या संघटनेचं आणि एक ज्यांना काहीच विकायचं नाही अशा वैद्यकीय ग्रंथालयाचं. मामा वाक्यावाक्याला मराठी करून घेत होते. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, त्यात धोका आहे. रोज व्यायाम करा. आजार कायमचा बरा करणारा उपाय अजून सापडलेला नाही. हे शेवटचं वाक्य तिन्हीकडे होतं. तिसऱ्यांदा ते मी मोबाइलवरची नजर न उचलता मराठीत सांगितलं.

"तिन्ही घरं एकच बोलून राह्यली," मामा म्हणाले. "खानदानी हायत." मग त्यांनी चूर्णवाल्याला फोन लावला आणि आयुष्यभराच्या सरावाने नकार कळवला, "तुमचं घर चांगलंच असंल हो, पण आमच्या पोरीला बिलकुल जमायचं न्हाई." फोन ठेवून मामींच्या कपातला अर्धा चहा त्यांनी स्वतःच्या बशीत ओतून घेतला, सांडू नये म्हणून.

मामींच्या गोळ्या आता वेळेवर चालू आहेत. सकाळी दोघं अंगणात हात वरखाली करतात आणि मामीच मामांच्या चुका काढतात. मला फोन पुन्हा येऊ लागलेत. लसूण, काढे, उंदीर सगळं मागे पडलंय, आता प्रश्न एकच असतो. "जावईबापू, नवं काही निघालं का?"

मी तिन्ही घरी जाऊन येतो आणि सांगतो, "अजून नाही, मामा."

"बरं," ते म्हणतात. "आपल्याला कुठं घाई हाय."

त्यांच्यामागे कुठेतरी बशीत कप वाजत असतो. तो वाजायचा थांबेपर्यंत मामा फोन ठेवत नाहीत, आणि मीही ठेवत नाही.